अ‍ॅनिमे क्लब काढताय? सिरीज मागाहून ठरवा

खोली मिळतेय, प्रोजेक्टर आहे, वीसेक जण तयार आहेत, तर अ‍ॅनिमेची, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनची, पहिली सिरीज कुठली लावू, असं विचारलंय तुम्ही. नाव सांगतो, पण शेवटी. असे क्लब बंद पडतात ते सिरीज चुकली म्हणून क्वचितच. लोक येतात, ओळीने चार भाग बघतात, दिवे लागले की पांगतात. मग एक दिवस लक्षात येतं, हे तर घरी लोळूनही बघता येतं! तेव्हा बघण्याइतकाच वेळ बोलायला ठेवा.

एक भाग सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं धरून साधारण 24 मिनिटांचा. बैठकीला दोनच भाग, उरलेला वेळ गप्पांना. जपानी टीव्हीचे हंगाम जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरला सुरू होतात आणि एका हंगामाची सिरीज बहुधा 12-13 भागांची असते. म्हणजे सहा-सात बैठकांत गोष्ट पुरी होते, नव्या माणसाला पुढच्या सिरीजपासून आत शिरता येतं. 'वन पीस' 1999 पासून चालू आहे आणि हजार भाग कधीच ओलांडून गेलंय. त्याचे भक्त हट्ट धरतील (मी त्यातलाच), त्यांना हात जोडून नाही म्हणा.

'कसं वाटलं?' असं विचारलंत तर 'भारी' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा एखादा प्रसंग घ्या आणि फ्रेम-फ्रेमने पुढे सरकवा. सेकंदाला फ्रेम 24, पण एकच चित्र बरेचदा तीन फ्रेम तसंच ठेवलेलं असतं, म्हणजे चित्रं फक्त 8. बोलण्याच्या प्रसंगात तर नुसते ओठ हलतात. 1963 साली ओसामु तेझुकांच्या स्टुडिओने 'अ‍ॅस्ट्रो बॉय' दर आठवड्याला काढायला घेतलं ते असल्याच काटकसरीच्या जोरावर. ही नजर आली की वाचवलेली मेहनत कुठल्या मारामारीत ओतलीय तेही दिसायला लागतं, आणि एरवी कोपऱ्यात गप्प बसणारा, चित्रं काढणारा सदस्य त्या दिवशी सगळ्यात जास्त बोलतो.

परवानगीचं टाळू नका. स्ट्रीमिंगचं खातं घरगुती वापरासाठी असतं. तिकीट लावलं नाही म्हणून जाहीर प्रदर्शन आपोआप चालतं असं नाही. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना पत्र टाका. उत्तर येईपर्यंत सगळ्यांनी भाग घरी बघून यायचे आणि बैठकीत फक्त चर्चा. खरं सांगू, काही गटांना हीच पद्धत जास्त मानवते.

'कार्टूनच तर आहे' म्हणून कुणीतरी धाकट्या भावंडांना घेऊन येणारच. 1988 साली घिबली या जपानी स्टुडिओचे दोन सिनेमे, 'माय नेबर टोटोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' जोडीने प्रदर्शित झाले. पहिला लहानग्यांनी मजेत बघावा असा, दुसरा युद्धात उपासमारीने जीव गमावणाऱ्या भावंडांचा. तेव्हा पोस्टर बघून वय ठरवू नका. लावायच्या आधी कुणीतरी एकाने सगळं बघितलेलं असलं पाहिजे.

सबटायटल की डब, हे सिरीजमागे एकदाच मत घेऊन मिटवा. मंगा (जपानी कॉमिक, ज्यावरून सिरीज बनते) वाचून आलेल्यांनी पुढचं फोडायचं नाही, आणि 'बघा, कळेलच' म्हणून गालात हसणं हेही फोडणंच. सिरीज कुणीही सुचवावी, मात्र जो सुचवेल त्यानेच चर्चा चालवायची. निम्म्या सूचना तिथेच गळतात. खोलीची किल्ली दोघांकडे असू द्या.

आता नाव. मोठी मंडळी असतील तर 1998 चं 'काउबॉय बीबॉप'. भाग 26 आहेत, मी वर सांगितल्याच्या दुप्पट, पण बहुतेक गोष्टी सुट्या असल्याने एखादी बैठक चुकली तरी अडत नाही. सगळे भाग लावणं जमणार नसेल तर निवडून लावा, फक्त 5, 12, 13, 25 आणि 26 गाळू नका. नायकाचा भूतकाळ त्यातच आहे.