मुरलेली वाइन आणि तिच्यासोबतचे जेवण

प्रश्न : मला फ्रान्समधील बोर्दोच्या लाल वाइनची एक बाटली भेट मिळाली असून ती वीस वर्षे जुनी आहे. आजवर मी ताज्या वाइनच प्यायलो आहे. ही बाटली कशी उघडावी, चव घेताना काय पाहावे आणि जेवणात काय ठेवावे?

उत्तर : आधी पदार्थ ठरवायचा आणि मग त्याला साजेशी वाइन शोधायची, हा नेहमीचा क्रम येथे उलटा करावा, कारण जुन्या वाइनमध्ये जे काही उरलेले असते ते नाजूक असते आणि जोरकस पदार्थापुढे ते तग धरत नाही. लाल वाइनचा तुरटपणा ज्या टॅनिनमुळे येतो, त्याचे रेणू वर्षानुवर्षे एकमेकांना जोडले जात मोठे होतात आणि रंगद्रव्याचा काही भाग सोबत घेऊन गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. त्यामुळे तुरटपणा मवाळ होतो आणि जांभळट लाल रंग विटकरीकडे झुकतो. ताज्या फळांचा वास मागे पडून सुकवलेली फळे, चामडे, तंबाखू, ओला पालापाचोळा आणि मशरूम यांची आठवण करून देणारे वास पुढे येतात. आंबटपणा मात्र फारसा हटत नाही. मुरलेली वाइन उभी राहते ती त्याच्याच आधारावर.

बाटली किमान एक दिवस आधी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ खाली बसेल. जुने बूच भुसभुशीत झालेले असते, म्हणून मळसूत्री सळईपेक्षा बुचाच्या दोन्ही बाजूंनी आत सरकणारे दुपाती साधन अधिक भरवशाचे. त्यानंतर बाटलीच्या मानेखाली दिवा किंवा मेणबत्ती ठेवावी आणि मध्ये न थांबता, एकाच संथ धारेने वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन वाढण्याच्या काचेच्या सुरईत, ओतावी. शेवटी शेवटी बाटलीच्या खांद्यापाशी काळसर, धुरकट रेघ सरकताना दिसते. ती मानेत शिरण्याआधी हात थांबवावा आणि तळाची दोन बोटे वाइन खुशाल सोडून द्यावी. हे काम वाढण्याच्या अगदी आधी करावे. बोर्दोचे प्रख्यात वाइनतज्ज्ञ एमील पेनो यांचाही आग्रह हाच होता, कारण ताज्या तुरट वाइनला हवा मानवते, पण जुनीचा सुगंध हवेमुळे अर्ध्या तासातही विरून जाऊ शकतो.

वाइन सोळा ते अठरा अंश सेल्सियसच्या आसपास असावी. पेला पांढऱ्या कापडावर तिरका धरून कडेचा रंग पाहावा आणि पहिला वास पेला न घुसळता घ्यावा. सुरुवातीचा कोंदटपणा काही मिनिटांत ओसरतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मात्र बुचाच्या दोषाचा असतो; तो थांबून जात नाही, उलट वाढतो. घोट गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते, याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण माझ्या मते जुन्या वाइनची खरी परीक्षा तेथेच होते.

आता जेवण. टॅनिन प्रथिनांना चिकटते, म्हणून ताज्या तुरट वाइनसोबत चरबीदार मांस चांगले लागते. तुमच्या बाटलीला त्या आधाराची फारशी गरज नाही. मीठ-मिरपुडीपलीकडे फारसा मसाला न लावता भाजलेले कोकराचे मांस आणि त्याचाच सुटलेला रस, किंवा लोण्यात परतलेले मशरूम, एवढे पुरे. मिरचीने मद्याचा जळजळीतपणा वाढतो, व्हिनेगरने वाइन बेचव होते आणि गोड सॉसमुळे ती आंबट-कडवट वाटू लागते. जुनी लाल वाइन आणि उग्र चीज ही लोकप्रिय जोडी मला पटत नाही. चीज हवेच असेल तर कठीण आणि सौम्य घ्यावे.

प्रश्न : पांढरी वाइन मुरते का?

उत्तर : सगळी नाही. जिच्यात आंबटपणा किंवा साखर भरपूर असते ती मुरते. जर्मनीतील रिसलिंग या पांढऱ्या वाइनला कालांतराने पेट्रोलसारखा वास येतो. तो दोष नसून टीडीएन नावाच्या संयुगाची खूण आहे. सोटर्न ही बुरशी चढलेल्या द्राक्षांची गोड वाइन अनेक दशके टिकते, वयानुसार सोनेरीची तपकिरी होते आणि कमी गोड भासू लागते. म्हणून जुन्या सोटर्नसोबत फार गोड मिष्टान्न देऊ नये; रोकफोरसारखे खारट निळे चीज तिला उत्तम साथ देते.

प्रश्न : उघडलेली जुनी वाइन दुसऱ्या दिवशी चालते का?

उत्तर : बहुधा नाही, ती त्याच रात्री संपवावी. मदेरा ही त्याच नावाच्या पोर्तुगीज बेटावरची वाइन मात्र अपवाद. ती मुरवतानाच उष्णता आणि हवा सोसून तयार होते, त्यामुळे उघडलेली बाटलीही कित्येक महिने टिकते.