शिकागोहून सासू-सासरे आणि दोन मुलांना घेऊन चार दिवस गाडीने कुठे जाता येईल? माझं उत्तर: ड्रिफ्टलेस

तुम्ही विचारलंय की नेपरविलला राहता, सासू-सासरे भारतातून आलेत, मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत, नायगारा करून झालाय, विस्कॉन्सिन डेल्सच्या वॉटरपार्कमध्ये म्हाताऱ्या माणसांना नेऊन काय करायचं, तर चार दिवसांत गाडीने जाऊन येण्यासारखं काय आहे. मी गेली अकरा वर्षं विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ राहतेय आणि माझ्या सासू-सासऱ्यांना घेऊन दोनदा हीच ट्रिप केलीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्यापासून अडीच-तीन तासांवर, इलिनॉयचा वायव्य कोपरा, विस्कॉन्सिनचा नैऋत्य भाग, आयोवाचा ईशान्य आणि मिनेसोटाचा आग्नेय भाग मिळून एक पट्टा आहे, त्याला ड्रिफ्टलेस म्हणतात. शेवटच्या हिमयुगात आजूबाजूचा सगळा प्रदेश हिमनद्यांनी घासून सपाट केला पण हा तुकडा सुटला. त्या हिमनद्या मागे जो दगडमातीचा गाळ टाकून जातात त्याला ड्रिफ्ट म्हणतात आणि तो इथे जवळपास नाहीच, म्हणून ड्रिफ्टलेस. त्यामुळे तुम्ही मक्याच्या सपाट शेतांतून कंटाळत चाललेले असता आणि अचानक घाट लागतो, वळणं, दऱ्या, कडे, झरे, गुहा. आमचे बाबा (सासरे) पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडीत मागे पेंगत होते, गॅलिनाच्या अलीकडे जागे झाले आणि म्हणाले, "अगं हे तर आपल्याकडच्यासारखं आहे."

मी तुम्हाला हा भाग का सुचवतेय तर याच्यासाठीच. न्यूयॉर्क म्हणा, वॉशिंग्टन म्हणा, तिथे आपण आई-बाबांना सगळं समजावून सांगत फिरतो आणि ते बिचारे मान हलवतात, पण इथे शेती आहे, गुरं आहेत, दूध आहे, नदी आहे, त्यामुळे इथे ते आपल्याला आणि नातवंडांना समजावून सांगतात, हे मी दोन्ही वेळा डोळ्यांनी बघितलंय.

पहिला दिवस तुम्ही गॅलिनाला जा. शिशाच्या खनिजाचं नाव गॅलिना, त्यावरून गावाचं नाव. अमेरिकेतलं यादवी युद्ध (सिव्हिल वॉर) जिंकून आल्यावर १८६५ साली गावाने जनरल ग्रँटला, म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले त्यांना, घर भेट दिलं ते बघायला मिळतं. मेन स्ट्रीट छान आहे पण दुकानंच दुकानं आहेत, तासाभरात निघा. तिथून पंचवीस मिनिटांवर आयोवातलं डब्यूक, तिथली फेनेलॉन प्लेस एलिव्हेटर नावाची टेकडीवर चढणारी छोटी केबल रेल्वे मुलांना फार आवडते. २९६ फूट लांब आणि १८९ फूट वर चढते. १८८२ मध्ये एका बँकरने स्वतःसाठी बांधली कारण त्याचं घर वर टेकडीवर, बँक खाली, आणि घोडागाडीने लांबून फिरून जाण्यात त्याची दुपारची जेवणाची आणि झोपेची वेळ संपून जायची! बरोबर रोख पैसे ठेवा, हिवाळ्यात ती बंद असते. नंतर विस्कॉन्सिनमध्ये येऊन डिकीव्हिलचा ग्रोटो, म्हणजे एका पाद्रीबुवांनी १९२५ ते १९३० मध्ये दगड, शंख, काचा, फुटकी कपबशी असं जे मिळेल ते लावून बांधलेलं देवस्थान. अर्धा तास पुरे. पुढे प्लॅटव्हिलला एका टेकडीवर दगडांचा पांढरा भलामोठा इंग्रजी एम आहे, २४१ फूट उंच, १९३७ साली तिथल्या मायनिंगच्या विद्यार्थ्यांनी केलेला. तो एम मायनिंगचा, पण आमच्या मुलीने एम म्हणजे मराठी असं ठरवून टाकलं आणि २६६ पायऱ्या न थांबता चढली. आई-बाबा खाली गाडीपाशी बसले, तिथूनही छान दिसतं.

दुसऱ्या दिवशी प्रेरी दु शीनला या आणि पूल ओलांडून आयोवात पाइक्स पीक स्टेट पार्कला जा (कोलोरॅडोमधलं नाही, हे वेगळं). गाडी पार्क करून थोडंसं चाललं की ५०० फूट उंच कड्यावर आपण उभे असतो आणि खाली विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला मिळते, मधे बेटंच बेटं. १७ जून १६७३ ला मार्केट आणि जोलिए नावाचे दोन फ्रेंच याच तोंडातून होड्या घेऊन मिसिसिपीत बाहेर पडले. आमचं गाव संगमनेर, म्हणजे प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावरचं, तेव्हा बाबा तिथे कठड्याला धरून इतका वेळ उभे राहिले की मुलं पण गप्प बसून बघायला लागली, मग त्यांनी मुलांना पाण्याचे दोन रंग कुठपर्यंत वेगळे दिसतात ते दाखवलं. मला स्वतःला ते आधी दिसलंच नव्हतं.

तिथून जवळच एफिजी माउंड्स आहे. हे नॅशनल मॉन्युमेंट आहे, प्रवेश फुकट. इथल्या मूळ लोकांनी हजार आणि त्याहून जास्त वर्षांपूर्वी मातीचे उंचवटे रचलेत, दोनशेच्या वर आहेत, काही नुसते गोल तर काही अस्वलाच्या आणि पक्ष्याच्या आकाराचे. सगळ्यात मोठं अस्वल साधारण १३७ फूट लांब आहे पण उंची जेमतेम साडेतीन फूट, म्हणून फोटोत काही कळत नाही, तिथे जाऊन त्याच्या कडेकडेने चालावं लागतं, मग हळूहळू पाय कुठला, डोकं कुठलं ते लक्षात येतं. वर जायची वाट सुरुवातीला चांगलीच दमवते, गुडघेदुखी असेल तर सासूबाईंना खाली व्हिजिटर सेंटरपाशीच बसवा. आमच्या आई हळूहळू का होईना वर आल्या. काही उंचवट्यांत माणसं पुरलेली आहेत असं कळल्यावर त्यांनी बूट काढून हात जोडले. ज्या जमातींच्या पूर्वजांचं हे काम आहे त्यांच्यासाठी ही आजही पवित्र जागा आहे, त्यामुळे उंचवट्यांवर चढायचं नाही हे मुलांना आधीच नीट सांगा.

आता तिसरा दिवस, जो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि ज्याच्यासाठी बहुतेक लोक थांबतच नाहीत. मुक्काम विस्कॉन्सिनच्या व्हर्नन काउंटीतल्या व्हिरोक्वाला करा, शक्य असेल तर दोन रात्री. सकाळी वेस्टबीवरून कून व्हॅलीकडे जा. उतारावर हिरवे-पिवळे वळणदार पट्टे दिसतील, एक पट्टा मक्याचा, एक गवताचा, डोंगराच्या वळणाप्रमाणे. सुंदर दिसतात म्हणून आपण फोटो काढतो आणि पुढे जातो, मीही तेच केलं असतं, पण बाबांनी गाडी थांबवायला लावली. म्हणाले, हे पाणलोटाचं काम आहे. आणि खरंच आहे, शंभर वर्षांपूर्वी इथे लोक उभ्या उतारावर सरळ नांगरायचे, माती वाहून जायची, घळी पडल्या होत्या, तेव्हा १९३३ साली सरकारने देशातला पहिला पाणलोट विकासाचा प्रकल्प याच खोऱ्यात केला. शेतकऱ्यांशी करार केले, समतल रेषेवर नांगरायला शिकवलं, पट्टापेर केली, चढाच्या जंगलात गुरं चारणं थांबवलं, कामाला बेकार तरुणांची सरकारी तुकडी होती. आता त्याच ओढ्यात ट्राउट मासे पकडायला लांबून लोक येतात. बाबांनी स्वतः ७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर बांधबंदिस्ती केलीये, ते रस्त्याच्या कडेला उभं राहून नातीला सांगत होते की पाणी पळतं त्याला चालायला लावायचं, चालतं त्याला थांबायला लावायचं. अमेरिकेत इतकी वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं.

याच व्हर्नन काउंटीत गोल गोठे आहेत, जुने लाकडी, पूर्ण गोल. त्यातले बरेच अल्गा शिव्हर्स नावाच्या कृष्णवर्णीय कारागिराने बांधलेत, हिल्सबरोजवळच्या शायेन व्हॅलीत त्या लोकांची जुनी वस्ती होती. गोठे खाजगी आहेत, रस्त्यावरूनच बघायचे. गोल का, तर मधे मुरघासाचा टॉवर आणि गुरांची तोंडं आत, म्हणजे एकाच जागेवरून सगळ्यांना वैरण टाकता येते. हेही मला बाबांनीच सांगितलं, कुठली पाटी वाचायच्या आधी.

कॅशटनच्या बाजूला अमिश लोकांची, म्हणजे मोटारी न वापरता जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, मोठी वस्ती आहे. घोडागाड्या रस्त्यावर असतात त्यामुळे चढ संपताना वेग कमी ठेवा, पलीकडे काय आहे दिसत नाही. घरापुढे हाताने लिहिलेल्या पाट्या असतात, जॅम, टोपल्या, पाय, क्विल्ट. रविवारी विक्री बंद. त्यांचे फोटो काढू नका, त्यांना चालत नाही. आमच्या आईंनी एका घरी क्विल्ट उलटी करून मागचे टाके बघितले, गोधडीसारखाच धावदोरा, आणि त्या अमिश बाईंना लगेच कळलं की यांना शिवणातलं कळतं, मग त्या दोघी अर्धा तास हातवाऱ्यांनी बोलत होत्या, मी दुभाष्याचं काम करायला गेले पण माझी गरजच लागली नाही.

दुपारी किकापू नदीच्या काठाने ला फार्जला या. इथे एक अर्धवट धरण आहे. पुरासाठी म्हणून सरकारने जमिनी घेतल्या, दीडशेच्या आसपास कुटुंबं उठवली, बांधकाम सुरू केलं आणि १९७५ ला काम थांबलं ते थांबलंच. काँक्रीटचा उंच टॉवर तसाच उभा आहे. आता ती सुमारे ८,६०० एकर जमीन राखीव आहे, राज्य आणि हो-चंक नावाची इथली मूळ जमात मिळून सांभाळतात, फिरायला वाटा आहेत, नदी इतकी वळणं घेते की होडीतून गेलं तर तेच तेच कडे पुन्हा दिसतात. आमच्या आत्यासासूबाईंची जमीन निळवंड्याच्या धरणात गेली, त्यामुळे तो टॉवर बघून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच विचारलं की त्या लोकांना जमिनी परत मिळाल्या का. नाही मिळाल्या.

मुलांसाठी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी एलरॉय-स्पार्टा ट्रेल. जुना रेल्वेमार्ग काढून केलेली ३२ मैलांची सायकलवाट, तीन बोगदे आहेत, नॉरवॉकच्या बाजूचा सगळ्यात लांब, ३,८१० फूट. आत दिवा नाही, वरून पाणी ठिबकतं, ऐन उन्हाळ्यातही स्वेटर लागतो, सायकल हातात धरून चालत जायचं. प्रत्येकाच्या हातात टॉर्च पाहिजे. दुरुस्तीसाठी बोगदा बंद असू शकतो तेव्हा निघायच्या आधी बघून घ्या.

चौथ्या दिवशी परतताना स्प्रिंग ग्रीन लागतं. सगळे तुम्हाला हाउस ऑन द रॉक सांगतील, म्हणजे चित्रविचित्र वस्तूंच्या संग्रहाचं भलंमोठं घर. मी नाही सांगणार, अंधार, आवाज, खूप चालणं, वयस्कर माणसं थकून जातात. त्यापेक्षा ब्लू माउंड्सची गुहा बघा, १९३९ साली खाणीत सुरुंग लावताना अचानक सापडलेली, आत बारा महिने १० डिग्री तापमान. मग न्यू ग्लॅरस, १८४५ साली स्वित्झर्लंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं, आणि शेवटी मन्रो, चीजचं गाव. चीज फॅक्टरीत सकाळी जाता आलं तर ताजे चीज कर्ड्स मिळतात, ताजे असतील तर दाताखाली रबरासारखा कचकच आवाज येतो, दुसऱ्या दिवशी तो जातो. तुमच्याकडे कडक शाकाहारी कोणी असेल तर मायक्रोबियल रेनेटचं (म्हणजे दूध फाडायला प्राण्यांपासून काढलेलं विरजण न वापरलेलं) चीज कुठलं ते विचारा, काउंटरवर सरळ सांगतात. बाबांनी तिथे फॅट किती लागते आणि दुधाला भाव काय देता हे मला विचारायला लावलं, आणि त्या माणसाने खरंच पंधरा मिनिटं देऊन सांगितलं.

आता कामाच्या गोष्टी. दऱ्यांमध्ये फोनला रेंज नसते, नकाशे आधी डाउनलोड करा. काउंटी रस्त्यांना इथे अक्षरांची नावं असतात, त्यामुळे वळण नीट बघून घ्या. वॉशरूमसाठी क्विक ट्रिप नावाचे पेट्रोल पंप (आयोवा-इलिनॉयमध्ये त्याचंच नाव क्विक स्टार), स्वच्छ असतात आणि केळी स्वस्त मिळतात. शाकाहारी जेवण लहान गावांत म्हणजे ग्रिल्ड चीज, बटाटे आणि पाय एवढंच, आम्ही कुकर, तांदूळ, मेतकूट, दशम्या नेल्या आणि स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतली. गवतात चालून आल्यावर रोज रात्री मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे टिक (गोचीड) बघा, विस्कॉन्सिनमध्ये ती चावून होणारा लाइम आजार खूप आहे, हे अजिबात टाळू नका. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, अंधाराच्या आत मुक्कामी पोचा.

शक्य असेल तर सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जा, गेज मिल्सला डोंगरमाथ्यावर सफरचंदांच्या बागा आहेत आणि तेव्हा तोडणी चालू असते. आणि गाडीत बर्फाचा डबा रिकामा ठेवा, मन्रोहून तुमचं घर अडीच तासांवर आहे, चीज तेवढा वेळ टिकलं पाहिजे.