‘पाळी जवळ आली वाटतं’

“मॅडम, महिन्यातले वीस दिवस ही माझी मुलगी असते. उरलेले दहा दिवस घरात कोण असतं तेच मला कळत नाही.”

आईनं पहिल्याच भेटीत हे सांगितलं. शेजारी बसलेल्या 15 वर्षांच्या लेकीनं मान खाली घातली, मांडीवरच्या दप्तराची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

वयात आलेल्या मुलींच्या आया ही तक्रार घेऊन माझ्याकडे वरचेवर येतात. पाळीच्या आधी मुलगी घाबरीघुबरी होते, रडते, शाळा नको म्हणते. पाळी सुरू झाली की जणू काही घडलंच नव्हतं. हे नाटक की आजार, आणि आपण करायचं काय? या मायलेकींच्या परवानगीनं, ओळख पटेल असं सगळं वगळून त्यांची हकिकत सांगते.

आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, “आईला घरी यायला दहा मिनिटं जरी उशीर झाला ना, तरी मला वाटतं अपघात झाला असणार. मी फोन करते. तिनं उचलला नाही की माझे हात गार पडतात. तसं काही नसणार हे मला माहीत असतं. तरी थांबत नाही.” रात्री अंथरुणातून उठून तीन-तीनदा दाराची कडी बघायची. तोंडी परीक्षेच्या नुसत्या विचारानं पोटात गोळा. “आणि मग पाळी येते, आणि मला माझीच लाज वाटते. तोवर सगळ्यांशी भांडून झालेलं असतं.”

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. नाटक करणाऱ्या माणसाला अशी लाज वाटत नाही.

आईला आत बोलावलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पाळी आम्हालाही येतेच की. आम्ही कधी असं केलं नाही.” हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतरच्या साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि पाळीच्या तोंडावर झपाट्यानं उतरतं. हे सगळ्याच जणींमध्ये होतं. जिला त्रास होतो तिची हार्मोन्स सहसा बिघडलेली नसतात, रक्ततपासणीत ती व्यवस्थित येतात. फरक असतो तो मेंदू या चढउताराला कसा प्रतिसाद देतो यात. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारा एक घटक एरवी मेंदूला शांत करतो. काही जणींमध्ये त्याच्या चढउतारानं उलट अस्वस्थता वाढते, असं आजवरचं संशोधन सांगतं. म्हणून एकाच घरात आईला काही जाणवत नाही आणि लेकीचा जीव कासावीस होतो. यात मनाच्या कच्चेपणाचा काही संबंध नाही.

पण पहिल्याच भेटीत मी “हो, हे पाळीमुळेच” असं म्हणत नाही. मागच्या महिन्यांच्या आठवणीवर इथे भरवसा ठेवता येत नाही. पाळी आणि चिडचिड यांची सांगड एकदा मनात बसली की माणसाला तेवढंच आठवतं. म्हणून मुलीला एक कागद दिला. उभे रकाने तारखांचे, आडव्या ओळी चार: धास्ती, चिडचिड, रडू, झोप. रोज रात्री 0 ते 5 आकडा लिहायचा, झोपेच्या ओळीत किती बिघडली त्याचा. रक्तस्राव सुरू झाला की तो पहिला दिवस. असं दोन महिने. कागद मुलीचा, आईनं तो मागायचा नाही. ही अट आईंना पटली नाही, पण त्यांनी पाळली.

दोन महिन्यांनी तो कागद टेबलावर पसरला तेव्हा वेगळं काही सांगावं लागलं नाही. पहिल्या पाळीनंतर दोन आठवडे शून्य आणि एक. 22व्या दिवसापासून दोन, तीन, मग सलग चार-पाच, पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या बाजूला उमटलेली. 31व्या दिवसानंतर पाळी आली आणि दोन दिवसांत आकडे पुन्हा खाली. दुसरा महिनाही तसाच. मुलगी बोट फिरवत म्हणाली, “म्हणजे हे संपतं. दर वेळी संपतं.” धास्ती भरलेली असताना तेच तर तिला कधी पटत नव्हतं.

आकडे महिनाभर सारखेच चढे असते, तर मी वेगळा विचार केला असता. मुळात चिंतेचा किंवा नैराश्याचा आजार असेल तर तोही पाळीआधी जास्त उसळतो, आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट होती. त्रासाच्या दिवसांत जे खुपलं ते मागच्या बाजूला एका ओळीत लिहायचं आणि पाळी संपल्यावर पुन्हा वाचायचं, असं मी तिला सांगितलं होतं. बाराएक ओळी होत्या. बहुतेकांवर तिनं नंतर काट मारली होती. एक ओळ दोन्ही महिन्यांत तशीच राहिली होती: “आई सगळ्यांसमोर म्हणते, पाळी जवळ आली वाटतं.”

बाबांसमोर, धाकट्या भावासमोर. ती काहीही बोलली, रास्त बोलली तरी हेच उत्तर. आईंचा चेहरा उतरला. “मला वाटायचं मी समजून घेतेय,” त्या हळूच म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही. प्रेमानं बोललेलं वाक्यही समोरच्याचं तोंड बंद करू शकतं. त्या दिवसांत भावना अव्वाच्या सव्वा होते हे खरं, पण म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. ती लिहून ठेवावी आणि चांगल्या आठवड्यात बोलावी. मोठे निर्णय, अभ्यासावरून बोलणी, फोन किती वेळ वापरायचा यावरचे वाद, सगळं तेव्हाच.

त्रासाच्या दिवसांत वाद घालून धास्ती जात नाही. “काही होत नाही, उगाच घाबरू नकोस” यानं तर ती आणखी एकटी पडते. आईंनी दोनच गोष्टी करायच्या ठरल्या: उशीर होणार असेल तर आपणहून एक निरोप, आणि लेक घाबरली की शेजारी बसणं. मुलीनं कडी एकदाच बघायची, “बघितली” असं मोठ्यानं म्हणायचं आणि उठावंसं वाटलं तरी तो वेळ अंथरुणातच काढायचा. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. हे सगळं चांगल्या दिवसांत घोटवून घेतलं, कारण भीतीच्या भरात नवं काही शिकता येत नाही. रोजचा व्यायाम आणि ठरल्या वेळी झोप यांचाही उपयोग होतो, पण महिनाभर केलं तर. आयत्या वेळी नाही.

एवढ्यानं न भागणाऱ्या मुलीही असतात. त्रास इतका तीव्र असेल की शाळा, नाती, सगळंच विस्कटतं, तर तो पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर), म्हणजे पाळीआधी मनाला होणारा तीव्र त्रासाचा आजार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 2013 मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र निदानाचं स्थान दिलं. त्यावर औषधं आहेत. काही जणींना ती फक्त महिन्याच्या उत्तरार्धात घ्यावी लागतात. ते मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. आणि मुलीच्या तोंडून “मी नसते तर बरं झालं असतं” असं काही निघालं, तर दोन महिने नोंदी करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिला एकटीला सोडू नका.

आमच्या मुलीचे आकडे तिसऱ्या महिन्यात पाचावरून तीनावर आले, चौथ्या महिन्यात परीक्षा होती तेव्हा पुन्हा चारावर गेले. शाळा मात्र एकही दिवस बुडली नाही. आईंनी विचारलं, असं किती वर्षं चालणार? मी खरं तेच सांगितलं: पाळी येत राहील तोवर हे कमीजास्त परतू शकतं, पण आता तिला ते ओळखता येतं.

निघताना मुलगी पुढे गेली. आई दाराशी थांबल्या, मागे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “मॅडम, त्यातला एक कोरा कागद मलाही द्याल?”