अनरेटेड म्हणजे वाईटच का?

प्रश्न: ताई, गणपतीला मुंबईचा भाचा आमच्याकडे देवगडला आलेला, त्याच्या लॅपटॉपवर एकाच इंग्लिश पिक्चरच्या दोन कॉप्या, एक रेटेड एक अनरेटेड. फरक काय? पोरगी चौदाची आहे म्हणून विचारतेय.

उत्तर: अगं, अनरेटेड म्हणजे घाणच असं नाही. अमेरिकेत १९६८ पासून रेटिंग, म्हणजे पिक्चर कुठल्या वयाला चालेल ते सांगणारा शिक्का, आहे पण ते ऐच्छिक, थिएटरसाठी काही सीन कापून हवं ते रेटिंग घेतात नि मग डीव्हीडीवर तेच सीन परत जोडतात, ती कॉपी पुन्हा रेटिंगला पाठवलेलीच नसते. कधी नुसते दोन जादा विनोद, कधी खरंच रक्तपात. आपल्याकडे मात्र सर्टिफिकेटशिवाय थिएटरात पिक्चर लागतच नाही, २०२४ पासून यूएचेही (म्हणजे मुलांनी आईवडिलांच्या सल्ल्याने बघायच्या पिक्चरचे) ७, १३, १६ असे वयाप्रमाणे भाग झालेत. अनरेटेड कॉपी आधी तू स्वतः बघ, मग पोरीला दाखव.