अमिओडारोन चालू असताना धुरकट दिसतंय: गोळी बंद करावी का?

ठोके अनियमित पडतात म्हणून बाबांना वर्षभर अमिओडारोन २०० मिलिग्रॅम चालू आहे, महिनाभरापासून धुरकट दिसतंय, आणि ‘या गोळीने डोळ्याची नस जाते’ हे वाचून तुम्ही घाबरलात.

आपल्या मनाने गोळी बंद करू नका. ठोके पुन्हा बिघडले तर जिवावर बेतू शकतं. शिवाय हे औषध अंगात साठतं, निघून जायला कित्येक आठवडे, कधी महिने घेतं. आज सोडून उद्या डोळा सुधारणार नाही. पण पुढच्या महिन्यावरही ढकलू नका. एक-दोन दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठा, हार्टच्या डॉक्टरांनाही लगेच कळवा. गोळी थांबवायची की बदलायची, हे त्या दोघांनी बोलून ठरवायचं.

लोक इथे दोन गोष्टींची गल्लत करतात. बुबुळावर तपकिरी रेघांची भोवऱ्यासारखी नक्षी उमटते, ती ही गोळी घेणाऱ्या बहुतेकांना होते. काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, नजर सहसा शाबूत राहते. ऑप्टिक नर्व्हची, म्हणजे डोळ्याच्या नसेची सूज मात्र क्वचित येते, आणि तिने नजर कायमची जाऊ शकते. ती बहुधा हळूहळू, पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत येते. नसेचा रक्तपुरवठा तुटला तर सकाळी उठल्यावर अचानक एका डोळ्याने वरचं किंवा खालचं अर्धं दिसेनासं होतं. बीपी-शुगरवाल्या हार्ट पेशंटला हे गोळीशिवायही होतं, म्हणून डॉक्टर लगेच गोळीवर खापर फोडत नाहीत. मला ते रास्त वाटतं.

घरी एवढं बघा: एक डोळा झाकून डब्याचं लाल झाकण दाखवा, मग दुसरा झाकून. एका डोळ्याला तोच लाल फिका, विटकरी दिसला तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सारखा दिसला म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका, दोन्ही नसा सुजल्या तर फरक कळत नाही.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून भागणार नाही. थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा आणि नस तपासायला सांगा, फील्ड टेस्टबद्दल, म्हणजे नजरेचा आवाका मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. गोळीचं पाकीटच पुढे ठेवा. ‘हार्टची गोळी’ म्हटल्यावर मोतीबिंदूवर विषय संपतो, असं पुष्कळांनी सांगितलंय. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, सोबत कोणीतरी हवं.

नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, केस विंचरताना टाळू हुळहुळणं किंवा अचानक नजर जाणं, यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आजच इमर्जन्सीत न्या.