हजारभर वस्तीच्या बेटावर गोवराची साथ आली तर पंचायतीने काय करावं?

तुम्ही विचारलंय की मुंबईजवळच्या एका लहान बेटावर, हजार-बाराशे वस्तीत, गोवराचे दोन रुग्ण निघाले तर पंचायतीने काय करायचं. गावातल्या जाणत्या मंडळींचं म्हणणं असं की लाँच पंधरा दिवस बंद ठेवल्या की साथ आपोआप ओसरेल.

मी मुंबईत लसीकरणाच्या कामात बरीच वर्षं होते. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला तेव्हा घरोघर फिरणाऱ्यांमध्ये मीही होते. घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावर, शिबिरासाठी जाणं झालंय, त्यामुळे लाँचमधून उतरून शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तिन्ही गावं पायी करायची म्हणजे काय, हे माहीत आहे. तुमचं बेट कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी घारापुरी डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय.

लाँच बंद करण्याच्या भरवशावर राहू नका. गोवर झालेला माणूस अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून दुसऱ्यांना लागण देत असतो. तेव्हा त्याला नुसता ताप, खोकला, लाल डोळे, वाहतं नाक असतं. घरचे सर्दी समजतात, मूल अंगणवाडीत जाऊन बसतं. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू टिकतो. म्हणजे तुम्हाला पहिलं पुरळ दिसतं तेव्हा रोग चार दिवस गावभर फिरून झालेला असतो. धक्क्यावर पहारा बसवून तो आता बाहेर राहणार नाही.

दार लावण्याचा उपयोग कधीच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत प्रशांत महासागरातल्या सामोआच्या दोन भागांचं काय झालं ते पाहा. पश्चिम सामोआ तेव्हा न्यूझीलंडच्या ताब्यात होतं. ७ नोव्हेंबरला ऑकलंडहून आलेलं ‘तालुने’ नावाचं जहाज आपियाच्या बंदरात आजारी माणसांसकट लागलं, आणि थोड्याच आठवड्यांत लोकसंख्येचा पाचवा हिस्सा गेला. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बाहेरून येणाऱ्या जहाजांवर कडक बंदी घातली, तिथे एकही माणूस दगावला नाही. पण पॉयर यांनी दार लावलं ते रोग आत यायच्या आधी, आणि बराच काळ लावून ठेवलं. तुमच्याकडे दोन रुग्ण निघालेले आहेत. शिवाय घारापुरीसारख्या बेटावर घरं चालतात ती पर्यटकांवर, आणि किराणा, औषधं, गॅस सगळं पाण्यावरूनच येतं. पंधरा दिवस लाँच बंद म्हणजे पंधरा दिवस चूल बंद. मग लोक रात्री लपूनछपून होडीने ये-जा करतात, आणि अशी लपलेली ये-जा आपल्याला मोजता येत नाही.

त्यातही जाणारी लाँच बंद करणं सगळ्यात धोक्याचं. गोवरात मूल दगावतं ते बहुतेक वेळा न्यूमोनियाने, जुलाबाने किंवा मेंदूला सूज येऊन. त्या मुलाला उरण किंवा मुंबई गाठायची असते, रात्री दोन वाजता, कदाचित ऐन पावसाळ्यात. म्हणून पंचायतीने पहिल्याच बैठकीत एक बोट, एक तांडेल, दोन खलाशी आणि डिझेलचे पैसे ठरवून ठेवावेत. कोणाच्या घरचं मूल आहे, पैसे कोण देणार, ही चर्चा धक्क्यावर होता कामा नये. साथीच्या तयारीत मी या एका गोष्टीला सगळ्यात वर ठेवीन.

आता बेटाचा फायदा सांगते. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या, डेन्मार्कच्या ताब्यातल्या फेरो बेटांवर गोवर आला. कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो आला असं मानतात. तिथे त्याआधीचा गोवर १७८१ चा, म्हणजे पासष्ट वर्षांत विषाणूचं नाव नाही. जेमतेम पावणेआठ हजारांच्या वस्तीत सहा हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली. डॅनिश सरकारने पीटर लुडविग पानुम नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला पाठवलं. तो गावोगाव होडीने फिरला आणि प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारत गेला की तुमच्याकडे बाहेरची होडी कोणत्या दिवशी आली आणि पहिलं पुरळ कोणत्या दिवशी उठलं. गावं इतकी एकाकी की लोकांना तारखा अचूक आठवत होत्या. एका गावचे दहा जण ४ जूनला दुसऱ्या गावी देवमाशांच्या शिकारीला गेले होते. १८ जूनला दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. बरोबर चौदा दिवस. १७८१ मध्ये ज्यांना गोवर होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही, हेही त्यानेच नोंदवलं.

मुंबईत हे अशक्य आहे. गोवंडीत एका गल्लीत कोण कुठून आलं, गेल्या आठवड्यात कोण गावी गेलं, हे शोधता शोधता दिवस जायचा. तुमच्या बेटावर मात्र सरपंचांना, आशाताईंना, अंगणवाडी सेविकेला प्रत्येक घर नावानिशी ठाऊक असतं. तर आजच एक वही घ्या. घराघरातली पंधरा वर्षांखालची सगळी मुलं लिहा: नाव, जन्मतारीख, गोवर-रुबेलाचे किती डोस झाले, कार्ड पाहिलं की आईच्या सांगण्यावरून लिहिलं. पाहुणे म्हणून आलेली मुलं, हॉटेलात किंवा बांधकामावर आलेल्या मजुरांची मुलं विसरू नका. यादीतून नेमकी तीच सुटतात. मग पहिल्या रुग्णाच्या पुरळाची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून दहा ते चौदा दिवस पुढे मोजा. दुसरी लाट त्याच सुमारास दिसेल. त्या आधी तुमच्या हातात जो वेळ आहे तो लसीकरणाचा.

संपर्कात आलेल्या मुलाला बहात्तर तासांत लस मिळाली तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो. म्हणून पहिला फोन प्राथमिक आरोग्य केंद्राला, रुग्ण नक्की गोवराचाच आहे की नाही हे ठरायची वाट न पाहता. रक्ताचा नमुना ते घेतील, निकाल यायचा तेव्हा येईल. घारापुरी रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात मोडतं आणि लाँच लागते गेटवेला. तेव्हा आजारी मूल मुंबईच्या बाजूला कोणाकडे राहून आलं असेल तर ते नाव आणि पत्ता आरोग्य केंद्राला आठवणीने सांगा. दोन प्रशासनांच्या मधल्या पाण्यात अशी माहिती फार लवकर बुडते.

लस देताना काय होतं ते गावातल्या दोन-चार जणांनी जवळून पाहावं असं मला मनापासून वाटतं. गोवर-रुबेलाची लस कुपीत कोरडी असते, एक छोटीशी पांढरी वडी. सिस्टर बर्फाच्या पॅकमधून कुपी काढते, तिचं लेबल बघते, त्याच कंपनीचं द्रावण घेते, त्याचीही तारीख बघते, सुईने ते आत सोडते, कुपी हलकेच फिरवते आणि पेनाने वेळ लिहिते. तिथून चार तास. उरलेली लस चार तासांनंतर फेकायचीच, कितीही मुलं रांगेत असली तरी. बेटावर ही पेटी लाँचने येते, उन्हात चढण चढते. म्हणून मुलं आधी गोळा करून ठेवा आणि मग कुपी फोडू द्या. घारापुरीत सोमवारी लेणी बंद असतात, स्टॉलवाल्या बायका घरी सापडतात; शिबिराला तोच वार चांगला.

द्रावणाबद्दल इतकं लिहिलं त्याला कारण पुन्हा सामोआच, म्हणजे पूर्वीचं पश्चिम सामोआ, आता स्वतंत्र देश. जुलै २०१८ मध्ये तिथे दोन बाळं लस दिल्यानंतर काही मिनिटांत गेली. लसीच्या पावडरीत पाण्याऐवजी भूल देताना वापरायचं स्नायू सैल करणारं औषध मिसळलं गेलं होतं. लसीत दोष नव्हता, पण कार्यक्रम कित्येक महिने थांबला, आयांचा विश्वास उडाला आणि लसीकरण घसरून एक तृतीयांशाच्या आसपास आलं. २०१९ मध्ये गोवर आला आणि दोन लाखांच्या देशात ८३ माणसं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. डिसेंबरात सरकारने दोन दिवस सगळा देश घरी बसवला, ज्या घरात लस बाकी आहे त्यांनी दारात लाल कापड लावायचं आणि पथकांनी तिथे जायचं. लोकांनी कापडं लावली. महिनाअखेर लसीकरण पंचाण्णव टक्क्यांच्या घरात पोचलं. हेच काम आधी झालं असतं तर ती मुलं आज शाळेत असती, याचा मला आजही राग येतो.

लाल कापडाची युक्ती तुमच्याकडे करायची की नाही, ते गावाने ठरवावं. लहान वस्तीत कोणाच्या घरी काय झालंय हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि त्यातून आजार लपवणंही सुरू होतं. गोवंडीत एका घरात आई आम्हाला दारातूनच ‘सगळी बरी आहेत’ म्हणून परत पाठवत होती. आतून खोकला ऐकू येत होता. आमच्याबरोबरची आशाताई त्याच गल्लीतली. ती उंबऱ्यावर बसली, पाणी मागितलं, इकडचं तिकडचं बोलत राहिली. थोड्या वेळाने आईने स्वतःच मुलाला मांडीवर घेऊन बाहेर आणलं. कानामागे आणि केसांच्या कडेला पुरळ नुकतं उठत होतं, टॉर्च लावला तर गालाच्या आत मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. तिला रोगाची भीती नव्हती, मूल उचलून नेतील याची होती. ही भीती मुंबईला जुनी आहे; १८९६ च्या प्लेगमध्ये घरं तपासणाऱ्या पथकांना घाबरून लोक आजारी माणसं लपवत आणि शहर सोडून पळत. म्हणून लाउडस्पीकरवरून धमक्या देऊ नका. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पितं तिला पुढे करा.

आजारी मुलाला पुरळ उठल्यापासून चार दिवस घरीच ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, अंगावरचं दूध किंवा जेवण थांबवू नका. काही घरांत गोवर निघाला की औषध देत नाहीत, फक्त कडुलिंबाचा पाला ठेवतात. पाला असू द्या, भांडू नका, पण ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस दोन दिवस लागोपाठ मिळालेच पाहिजेत. ते आरोग्य केंद्र वयानुसार देतं आणि त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. श्वास जोरात चालतोय, छाती आत ओढली जातेय, मूल पीत नाही, सुस्त पडलंय किंवा बुबुळ धुरकट दिसतंय, यातलं एकही दिसलं तर बोट काढा.

आणि हे सगळं गोवराबद्दल. जुलाब-उलट्यांची साथ असेल तर पिण्याच्या पाण्यापासून सुरुवात करावी लागते. ताप डासांचा असेल तर दारातल्या पिंपांपासून. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये चिकुनगुनियाने वस्तीतल्या तिसऱ्या हिश्शाला गाठलं ते तिथल्याच डासांनी.

शेवटच्या रुग्णाच्या पुरळानंतर बेचाळीस दिवस नवा रुग्ण नसेल तर साथ संपली असं धरतात. तेव्हा वही बंद करू नका. साथीच्या काळात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जी जादा लस देतात ती नेहमीच्या हिशेबात मोजत नाहीत. त्यांना नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी, असे दोन्ही डोस द्यावेच लागतात. ‘आमचं झालंय की’ म्हणून आया परत जातात. त्या बाळांच्या कार्डावर पुढच्या तारखा आत्ताच लिहून घ्या.