हद्द एकाची, नकाशा दुसऱ्याचा

प्रश्न : आमचं गाव शेजारच्या महापालिकेत घेण्याची प्रारूप अधिसूचना निघाली आहे. आमच्या गटात घर बांधायला महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची परवानगी आहे, काम जोत्यापर्यंत आलंय. भाऊ म्हणतो, गाव महापालिकेत गेलं की ही परवानगी बाद. खरं काय? आणि आता हरकत घेण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : परवानगी बाद होत नाही, भावाला निर्धास्त राहायला सांगा. हद्द बदलली म्हणून कायदेशीर दिलेलं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे तुमची ही परवानगी, आपोआप रद्द होत नाही. काळजी मुदतीची करा. नगररचना अधिनियम १९६६च्या कलम ४८ प्रमाणे परवानगी एक वर्षाची असते आणि मुदतवाढ धरून जास्तीत जास्त चार वर्षं चालते. गावाचं काय होतं याची वाट बघण्यात ती संपवू नका. जोते तपासणी आत्ताच करून घ्या आणि शिक्क्याचे मंजूर नकाशे, चलनं, पत्रव्यवहार एका फाइलीत जपून ठेवा. भोगवटा प्रमाणपत्र मागताना समोरचं कार्यालय कदाचित वेगळं असेल, आणि जुनी फाइल तिथे पोचलेलीच असेल असं धरून चालू नका.

नगररचना विभागात नोकरी करताना मी लोकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आले. गाव कोणत्या हद्दीत आणि नियोजन प्राधिकरण (आराखडा करणारी आणि बांधकामाचे नकाशे मंजूर करणारी संस्था) कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हद्द ठरते महापालिका अधिनियमाच्या कलम ३ खाली, तर नियोजनाचा अधिकार नगररचना अधिनियमाखाली. ३० जून २०२१ला २३ गावं पुणे महापालिकेत आली आणि जुलैमध्येच त्या गावांसाठी पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, हे विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. म्हणजे तेव्हा कर महापालिकेला आणि नकाशा मंजुरी दुसरीकडे. तुमच्याकडेही असं होऊ शकतं, म्हणून दोन्ही अधिसूचना वाचा.

हद्द कायमची असते असंही नाही. कल्याणजवळची २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये परत आत आली. उरुळी देवाची आणि फुरसुंगी २०१७ मध्ये पुण्यात आली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. दर फेरीत रस्ते, पाणी आणि शाळांची आरक्षणं (त्यासाठी राखून ठेवलेल्या जागा) लोंबकळत राहतात आणि त्याची झळ गावकऱ्यांनाच बसते. मला याचं फार वाईट वाटतं.

हरकत जरूर घ्या, पण ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलेल्या अर्जाला वजन नसतं. अधिसूचनेच्या परिशिष्टात चतुःसीमा दिलेली असते : उत्तरेस अमुक गावाची शीव, पूर्वेस ओढा, असं. ती गाव नकाशावर बोट ठेवून वाचा. तुमचा गट शिवेवर असेल तर अर्धा आत, अर्धा बाहेर जातोय का ते बघा. ओढ्याची हद्द असेल तर आणखी बारकाईने, कारण पात्र सरकतं आणि कागदावरची रेघ जुनीच राहते. अर्जात गट नंबर, हिस्सा आणि नेमकी काय दुरुस्ती हवी ते लिहा, सातबारा आणि मोजणी नकाशा जोडा, मुदतीत द्या, पोच घ्या.

ही हरकत फक्त हद्दीपुरती. गाव आत गेल्यावर नगररचना अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे वाढीव हद्दीचा विकास आराखडा होईल. तो प्रसिद्ध झाला की पुन्हा हरकती मागवतील. तुमच्या घरावरून रस्ता किंवा आरक्षण पडतंय का, हे तेव्हा कळेल. घराची मंजूर परवानगी हा तिथे तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा असेल. तोवर मंजूर प्रादेशिक योजनेतला झोनच (शेती, रहिवास असा जमीन वापराचा विभाग) लागू राहतो.

सातबाऱ्यावरची मालकी यात कुठेच बदलत नाही. घरपट्टीही एकदम महापालिकेच्या दराने येत नाही, वर्षाला वीस-वीस टक्क्यांनी चढते. ग्रामपंचायतीची शेवटची पावती मात्र दप्तर महापालिकेकडे जायच्या आत घेऊन ठेवा.